दहावा सूर्योदय

मुकादम बाबरांनी तारेचा कावळा पिंडाला शिववला, तेवढ्यात खिडकीबाहेर सूर्य दहाव्यांदा उगवला. बटाट्यासारखा वेडावाकडा, नऊ किलोमीटर लांबीचा तो काळा लघुग्रह तीन तासांत स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचा. खाणीत सुरुंग उडताना कुंदाचा नवरा सुदाम गेला, त्याला पृथ्वीवरच्या घड्याळाने जेमतेम तीस तास झाले होते.

"वहिनी, सुतक फिटलं," बाबर खाली बघत म्हणाले. "आता पाळीवर यावं लागेल."

"येते," कुंदा म्हणाली.

राहतो तिथलाच सूर्य मोजायचा, हा ठराव वस्तीच्या सभेत तिनेच मांडला होता. सगळ्यांत आधी हात वर केला होता तो सुदामने.

"आणि वर्षश्राद्ध?" बाबरांनी विचारलं.

"साडेचार वर्षांनी. या दगडाची सूर्याभोवती फेरी पुरी झाली की."

तिचा आवाज हललासुद्धा नाही. पाळीचा डबा भरायला ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने फडक्याची गाठ सोडली. सुदामने शेवटच्या पाळीवर जाताना बांधून ठेवलेल्या मटकीला आता कुठे मोड फुटत होते.