आप्पांचा बोर्ड उघडत नाही

पोपटराव आप्पांचे जोडलेले हात आले, मिशी आली, फेटा येणार तोच कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. सकाळपासून सहाव्यांदा.

"बघितलं?" आप्पा खुर्चीतून उठलेच. "बरोबर माझ्याच बोर्डाला मरतंय!"

मांडवगण फराट्याच्या चौकातलं फ्लेक्सचं दुकान ते केवढंसं. त्यात आप्पा, त्यांचा थोरला पोरगा विश्वजीत, मालक इंद्रजीत आणि कॉम्प्युटरपुढं सोनम. तीन वर्षं सगळ्या बोर्डांची डिझाइनं तीच करते. आप्पांच्या पोटात दुखत होतं ते वेगळंच. सोनम ही मल्हारची सख्खी भाची, आणि मल्हार म्हणजे सरपंचपदाला आप्पांच्या विरुद्ध उभा राहिलेला गडी. त्याचे बोर्ड याच मशीनवर झाले आणि वेशीपासून स्टँडपर्यंत झळकायलाही लागले. आता यात समजून सांगायचं काय उरलं?

"आप्पा, ग्राफिक्स कार्डाचा घोळ हाय," सोनम म्हणाली. "ते चालवणारं सॉफ्टवेअर गेल्या रविवारी नवं आलं, म्हणून मी परत जुनं टाकून बघितलं. तरी तेच."

तिनं एक काळी खिडकी उघडली आणि प्रोग्राम तिथूनच चालू केला. असं केलं की मरता मरता तो काय बोलतो ते कळतं. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभरा पळाल्या. आप्पा टाचा उंचावून बघायला लागले.

"हे काय लिवतीस? कुणाला धाडतीस?"

"कुणाला न्हाई आप्पा. हे विंडोज न्हाई, लिनक्स हाय, त्यात असंच बघावं लागतं."

"साऱ्या गावात साधं असतंय, आन् हिच्याकडंच लिनक्स कसं?"

फुकट मिळतं म्हणून इंद्रजीतनंच ते टाकून घेतलं होतं. पण इंद्रजीत बोलेल तर शपथ! मालकांना अशा वेळी बरोबर खोकला येतो.

आप्पांनी निकाल देऊनच टाकला. "इंद्रजीत, हिला आजच्या आज काढ. न्हाईतर आमच्या पॅनेलचा एक कागदसुद्धा हितं छापायचा न्हाई."

इंद्रजीतनं चक्क होकाराची मान हलवली. सोनमला आधी धाकटी बहीण प्रगती आठवली. तिचं नर्सिंगचं शिक्षण या खुर्चीच्या जिवावर चाललं होतं. मागोमाग सोनमला रागही आला. मल्हारची भाची व्हायला तिनं काय अर्ज केला होता का?

"थांबा," ती म्हणाली. "जायचं तर जाईन, पण चोर म्हणून जाणार न्हाई. शेवटच्या ओळीत लिहिलंय, कार्डाची मेमरी भरली. एका बोर्डानं ती भरत नसती. फाइलीत कायतरी जादा घुसलंय. मी कार्ड न वापरता फाइल उघडते. हळू चालंल, पण मरणार न्हाई."

"कशाला, कशाला!" इंद्रजीतचा खोकला एकदम थांबला. "मी बघतो उद्या निवांत."

"व्हय आप्पा," विश्वजीतनं गाडीची किल्ली काढली. "शिरूरला करून आणू की. एका बोर्डासाठी कशाला डोक्याला ताप?"

आप्पांनी दोघांकडं बघितलं. पोरगी आता सापडणार म्हणून यांना तिची दया आली, असा त्यांनी हिशेब केला. विश्वजीत पहिल्यापासून मऊच, आईवर गेलेला.

"गप बसा दोघंबी! खरं-खोटं आत्ताच्या आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. उघड गं."

सोनमनं फाइल उघडली. चित्र रांगत रांगत यायला लागलं. हात आले. मिशी आली. फेटा आला, तुऱ्यासकट. खाली शुभेच्छुकांची तोंडं पंगतीला बसल्यासारखी एकेक येत गेली, त्यात सगळ्यात मोठा विश्वजीत. पडदा काही मेला नाही.

पण फाइल संपेना. बोर्डाच्या उजवीकडं, जिथं कोरं असायला हवं, तिथं आणखी एक बोर्ड उमटायला लागला.

"ह्यो मी केलेला न्हाई," सोनम म्हणाली आणि तिनं इंद्रजीतकडं बघितलं. इंद्रजीत जमिनीकडं बघत होता. त्यानं परवा गुपचूप एक काम घेतलं होतं. त्याला लागणारे फोटो या फाइलीत कापून तयारच होते. परत कोण कापत बसतंय, म्हणून पठ्ठ्यानं तेही काम इथंच उरकलं होतं.

आधी मल्हार आला, हसत हसत. मग लाल अक्षरं आली. येत्या रविवारी चावडीसमोर आमच्या पॅनेलमध्ये जाहीर प्रवेश, नव्या सहकाऱ्यांचं हार्दिक स्वागत. मग नवे सहकारी यायला लागले. आप्पांच्याच पंगतीतली नऊ तोंडं. आणि सगळ्यांच्या मधोमध, मल्हारच्या खांद्याला खांदा लावून, विश्वजीत.

आप्पांनी मागं वळून बघितलं. विश्वजीत दुकानात नव्हता. बाहेर गाडी चालू झाल्याचा आवाज आला, आणि लांब गेला.

समोरच्या हॉटेलातून चहा संपवून आप्पांची माणसं रस्ता ओलांडत होती. पुढं हौसराव. "आप्पा, झाला का बोर्ड? बघू द्या की आम्हालाबी!" ते तिथूनच ओरडले.

आप्पा पडदा झाकून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण सरळ सांगायचं तर त्यांना रडू येत होतं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "ती माणसं आत यायच्या आधी पुन्हा बंद पाड की गं ते."