हिरवी गल्ली

विमा कंपनीच्या साहेबाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. नकाशात आमची गल्ली लालभडक होती. “ताई, लाल भागात आम्ही पुराचा विमा देत नाही.” मी म्हटलं, “गेल्या वर्षी मी आपणहून मागितला होता. तेव्हा तुम्हीच म्हणालात, तुमची गल्ली हिरवी आहे, हिरव्यात पाणी शिरत नाही, कशाला उगाच?” “तेव्हा हिरवीच होती,” तो थंडपणे म्हणाला. “पुरानंतर आम्ही नकाशा सुधारला.” माझ्या दुकानातली शिलाई मशीनं, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं चिखलात गेलं, तेव्हा कुठे यांचा नकाशा सुधारला. माझं टाळकंच सरकलं. तो मला कटवायला उठला, तसा मी पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर छातीपाशी आडवी रेघ ओढली. “अहो, हे काय?” “पाणी इथवर होतं,” मी म्हटलं. “आणि मी हिरव्यात उभी होते.”