लाल चेहऱ्यावरचा इलाज

चार माणसांच्या नजरा वळल्या की कौतिकचा चेहरा कानांपर्यंत लालबुंद होई. "खुनाच्या वेळी सुपडू माझ्याबरोबर कपाशीत होता," असे धुळ्याच्या कोर्टात त्याने आरोपी सुपडूच्या बाजूने खरे तेच सांगितले, पण सरकारी वकील गरजला, "साहेब, खोटेपणा तोंडावर फुटलाय, पाहा!" सुपडू जन्मठेप भोगतानाच वारला.

तो लाल चेहरा घेऊन सुपडूच्या आईपुढे जाण्याची कौतिकची छाती होईना. अखेर मुंबईच्या डॉक्टरांकडून त्याने चेहरा लाल करणारी छातीतली नसच कापून घेतली. लाली कायमची गेली. मग तो तिच्या दारी उभा राहिला.

"अक्का, मन्हा तोंडनी घात कया. माफ कर."

म्हातारीने त्याचा कोरा चेहरा बराच वेळ न्याहाळला.

 

"मन्हा पोऱ्या गया, अन् तुले जराशी बी लाज वाटत नही का रे?"