काडीवरचे डोळे

"बाबा, काडीवर दोनच डोये ठेवू का?" द्राक्षाच्या वेलीपाशी कात्री हातात घेऊन प्रतिक्षानं विचारलं.

बांधावरच्या खाटेवरून गुलाबरावांनी नाही म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि फूट येते ते दोन डोळे ठेवून बाकीची काडी छाटून टाकली.

उन्हाळ्यात लकवा मारला तेव्हापासून गुलाबरावांची जीभ गेली होती, हातपाय गेले होते. पापण्या मिटून हो की नाही, एवढंच सांगता येत होतं. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी टेकडीच्या उतारावर झिनफंडेल लावलं होतं, वाइनचं द्राक्ष. धानाच्या मुलखात लोक हसले. चार वर्षं घड लागले, पण एकाच घडात काही मणी सुकलेले, काही हिरवेकच्च. खरेदीदार दरवर्षी तोंड वाकडं करून परत जायचा.

त्या चार वर्षांत त्यांनी मुलीला कात्रीला हात लावू दिला नव्हता. "तुले काय समजते त्यातलं?" म्हणायचे. आता कात्री तिच्याच हातात होती.

डिसेंबरात तिनं विचारलं, "बाबा, अर्धे घड काढून टाकू?"

गुलाबराव पुन्हा नाही म्हणाले. दुपारपर्यंत अर्धे घड मातीत पडले होते आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

जानेवारीत ठिबक बंद करू का, म्हणाली. नाही, म्हटलं. तिनं बंद केलं.

एकदा ऊन तोंडावर आलं. "बाबा, आत नेऊ का?" ती म्हणाली. ते हो म्हणाले. तिनं हसून त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्यांना तिथंच उन्हात ठेवून वेलींकडे गेली.

पोरगी सूड घेते आहे, असं त्यांना वाटलं. ओरडायला गेले की घशातून नुसती घरघर यायची. ती धावत येऊन लाळ पुसायची.

मार्चात खरेदीदार आला. त्यानं मणी चिरडून साखर मोजली. मग दुसऱ्या वेलीची मोजली. तिसऱ्या वेलीशी तो थांबला.

"सगळा माल एकसारखा पिकलाय," तो म्हणाला. "या भागात असा माल मी पाहिला नाही. कोणी शिकवलं?"

"बाबानं. त्याइले विचारल्याबिगर मी पानालेबी हात नाई लावला. ते नाई म्हनले असते तर काईच केलं नसतं."

"पण ते बोलतात कसे?"

"डोयानं. एकदा मिटले का हो, दोनदा मिटले का नाई."

गुलाबराव तिच्याकडे बघत राहिले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना ही खूण शिकवली, तेव्हा प्रतिक्षा औषधं आणायला गेली होती. बाईंनी शिकवलं होतं ते नेमकं उलटं: एकदा नाही, दोनदा हो.

प्रतिक्षा खाटेपाशी येऊन बसली. "बाबा, बरोबर केलं ना मी?"

गुलाबरावांनी डोळे एकदा मिटले. मग उघडले, आणि पाणी भरून आलं तरी ताणून तसेच उघडे धरून ठेवले.