खोडापलीकडचा हात

एकोणीसशे एकाहत्तर साली वृक्षोद्यानातून रस्ता जाणार होता. संध्याकाळपर्यंत घेर नोंदवलेली झाडंच तेवढी वाचणार होती. उद्यानात नोकरीला असलेल्या नणंद-भावजय मोजणीला होत्या. शेवटचं झाड एकटीच्या कवेत मावणारं नव्हतं.

"वहिनी, म्हाताऱ्याला तिकडून मिठी मारा," म्हणत नणंदेने फीत खोडामागे दिली. पलीकडून टोक फिरून तिच्या हातात आलं.

"वन्सं, आटपा की! मी फाटकाशी थांबलेय," वहिनीची हाक लांबून आली.

खोडामागे फीत कुणीतरी ताणून धरली होती. तरी नणंदेने आकडा वाचला, वहीत लिहिला.

"सोडा आता."

फीत सैल झाली.

रस्ता वळसा घालून गेला. झालेलं ऐकून वहिनीने नोकरी सोडली. नणंद दरवर्षी त्या झाडाचा घेर मोजते. सोबतीला कुणाला नेत नाही.