बारा पत्र्यांचा जबाब

"हे कुणाला पटायचं न्हाई, आनंदराज. पर तू लिही," असं म्हणत भुजंग तुरीच्या पोत्यावर टेकला.

मुखेडच्या डाळमिलवर भुजंग बावीस वर्षं वॉचमन. आनंदराज तिथलाच कारकून, अक्षर चांगलं म्हणून धरून आणलेला. तारीख काय टाकू, असं त्यानं विचारलं. भुजंग म्हणाला, तारखेचं मागून बघू, आधी मजकूर घे.

मजकूर कडक होता. गोदामाच्या पत्र्यांचे हूक गंजलेत, रोहिणीचं वारं सुटायच्या आत नवे टाका, तार द्या, वर ठेवायला वाळूची पोती द्या, असं त्यानं मॅनेजरला तीनदा सांगितलं होतं. मॅनेजर तिन्ही वेळा मोबाइलकडं बघत मान हलवत राहिला. तिसऱ्यांदा एवढंच बोलला, की यंदा एक जरी पत्रा उडाला तर मामा, तुम्ही घरी.

"हूक यानं द्यायचे न्हाईत आन् घरी मी जायचं. ह्यो कुठला इन्साफ?" भुजंगनं पोत्यावर मूठ आपटली. "हे बी लिही."

मग वारं आलं मजकुरात. बारा पत्रे पापडासारखे उठले. एक तर थेट कंधारच्या किल्ल्यावर जाऊन पडला. तेरावा भुजंगनं दोन्ही हातांनी धरला, तर पत्र्यानं त्यालाच वर नेलं. खाली जळकोटचा बाजार दिसला. एक म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत होती. तरी त्यानं पत्रा सोडला नाही. बावीस वर्षांची नोकरी धरावी तसा धरला, आणि घेऊनच खाली आला.

मेथी गाळू का, असं आनंदराजनं हळूच विचारलं.

"राहू दे. बारीकसारीक असलं की साहेब लोकायला खरं वाटतं."

भुजंगनं खाली सही ठोकली. आता साक्षीदार हवा होता. सांडलेली डाळ झाडून गोळा करणाऱ्या पंचफुलाबाईला त्यानं हाक मारली. सगळं डोळ्यांनी बघितलं म्हणून सही कर, म्हणाला. गरिबाची रोजी वाचंल.

पंचफुलाबाईनं कागद ऐकून घेतला. झाडू खाली ठेवला. वर बघितलं, मग भुजंगकडं.

"सही करते की. पर भुजंगभाऊ, पत्रे तर समदे जागच्या जागी हायेत, आन् वारं अजून सुटलंच न्हाई."