डाव्या चाकाचं तेल

"ब्रेकचं पॅडल खाली जातंय," गाडीतून उतरता उतरताच बाई म्हणाली. "आधी दोनतीनदा दाबलं की धरायचं. आता तेही नाही. लवकर होईल ना, अण्णा? मला खाली मेट्टुपाळयमला जायचंय."

दुरैसामीचं पत्र्याचं गॅरेज कोटागिरीच्या घाटाच्या तोंडाशीच होतं. तिथून पुढं रस्ता नुसता उतरत जातो. गाडी त्यानं लांबूनच ओळखली होती. शाळेतल्या शिवज्ञानम सरांची पांढरी गाडी. सरांच्या बायकोला मात्र त्यानं कधी स्टिअरिंगवर बघितलं नव्हतं. सरांच्या शेजारी बसलेली असायची, मान खाली घालून.

त्यानं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल डबीच्या तळाला गेलं होतं. मग तो एकेका चाकामागं वाकून आतल्या अंगाला बोट फिरवत गेला. पुढची दोन्ही कोरडी. मागचं उजवं कोरडं. मागच्या डाव्या चाकाला बोट ओलं झालं. ते त्यानं नाकाशी नेलं.

"सापडलं. नशीब समजा, अम्मा. आणखी चार वळणं उतरला असतात, तर घाटातच मुक्काम होता."

ती हसली नाही. "किती वेळ लागेल?"

"बसा तर खरं."

ती बाकावर बसली, वरून येणाऱ्या रस्त्याकडं तोंड करून. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं साडीच्या चिंधीनं एकत्र बांधलेली होती. दुरैसामीनं ती बघितली, विचारलं नाही. घरकामात लागतं माणसाला.

त्यानं चाक काढलं, ड्रम काढला. आतलं रबर झिजून चिरलं होतं, तिथूनच तेल झिरपत होतं. नवीन रबर घातलं, तेलानं माखलेले ब्रेकचे लायनर बदलले, डबी भरली. पॅडल मारायला हाताखाली कुणी नव्हतं, म्हणून तेलात शिरलेली हवा काढायला नळीचं टोक बाटलीत सोडलं आणि तेल आपसूक ठिबकू दिलं. बुडबुडे थांबेपर्यंत तो तिथंच उकिडवा बसून राहिला. मग चाक चढवून आत बसला आणि पॅडल दाबून बघितलं. दगडावर ठेवल्यासारखा पाय थांबला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो उतरून गॅरेजच्या मागं गेला.

"दुरैसामी, माझी गाडी आलीय का रे तुझ्याकडं?" सरांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. तो चढलेला कधी कुणी ऐकला नव्हता. दुरैसामीची थोरली पोरगी त्यांच्यामुळंच गणितात सुटली होती.

"आहे सर. ब्रेक ऑइल गळत होतं. आत्ताच झालं काम."

"तिला सांगितलंस, झालं म्हणून?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस. डोकं ठिकाणावर नाही तिचं. घाटात काहीतरी करून बसेल. मी मोटरसायकलनं निघालोय. तोवर बसवून ठेव. चहा पाज."

दुरैसामीला ते पटलं. नवरा आहे, काळजी करणारच.

तो पाना पुसत तिच्यापुढं येऊन उभा राहिला. "अम्मा, चाक चढवलंय, पण ब्रेक नाही. आतलं सामान खालून मागवावं लागेल. बसा, चहा सांगतो."

"कुणाचा फोन होता?"

"गिऱ्हाईकाचा."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कुठवर आलेत ते?"

एकदा खोटं बोलणं जमलं होतं, दुसऱ्यांदा जमेना. "अम्मा, सर काळजीपोटीच..."

ती उठलीच होती. चावी गाडीलाच होती. त्यानं धावत जाऊन दार धरलं, तोवर इंजिन सुरू झालं होतं.

"ब्रेक नाही म्हणतोय ना! मरायचंय का?" त्या भीतीनं तरी ती थांबेल, असं त्याला अजून वाटत होतं.

"खाली काय होईल ते नक्की नाही, अण्णा," ती म्हणाली. "इथं थांबले तर काय होईल ते मला ठाऊक आहे. दार सोडा. तुम्हाला लागेल."

त्याचा हात आपोआप सुटला. तिनं तळहातानंच गिअर ढकलला.

गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत उताराला लागली. ब्रेक नसलेली गाडी जशी उतरवायची, तशीच ती उतरवत होती. हँडब्रेक थोडा ओढत, थोडा सोडत, डोंगराच्या अंगाला चिकटून. डावीकडचा आरसा दरडीला घासला, पण मागचा ब्रेकचा लाल दिवा लागला नाही. पुढं रस्ता आणखी खाली वाकला. तिथंही लागला नाही.

दुरैसामी धावत सुटला.

"ब्रेक आहे! अम्मा, ब्रेक आहे! दाबा!"

वारा दरीतून वर येत होता. त्याचा आवाज त्याच्याच तोंडावर परत येत होता. तो आणखी जोरात ओरडला, हात उंच करून हलवू लागला. पाना अजून हातातच होता. तिनं आरशात बघितलं असावं. मागून एक माणूस पाना उगारून धावत येत होता.

वळणाच्या अलीकडं इंजिनाचं कण्हणं एकदम थांबलं आणि गाडीनं वेग घेतला. तिनं दुसरा गिअर टाकला होता.